डाव्या कानाची हरकत

फॉर्मात एक रकाना आहे :
प्रकल्पस्थळापासून आपले अंतर.
श्रावंती म्हणाली, मामा, खरं तेच लिहा.
मग लिहिलं : सोलापूर, दाजी पेठ.
मधे सगळा घाट आणि एसटीची एक रात्र.
समुद्र पाहिलेला नाही.
टॉवेलवर काढलाय, पुष्कळदा.

मी लिंबाद्री चिलवेरी, जेकार्डची कार्डं पंच करतो.
चौतीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडतोय.
एका भोकामुळे एक धागा वर उठतो,
एवढाच धंदा.
शिडं, कासवं, नाक वर काढलेला डॉल्फिन,
परदेशी वाळूत लोक ज्यांच्यावर आडवे होतात
ती जनावरं आधी माझ्या टेबलावर
नुसती भोकं असतात.

गेल्या महिन्यात ऑर्डर आली. दोन हजार नग.
निळी जमीन, मधोमध लोखंडी चौथरा, वर ज्योत,
खाली डॉल्फिन.
गॅस कंपनीच्या समारंभात पाहुण्यांना वाटायला.
शेठ म्हणाले, मास्तर, त्याचं हसू जरा मोठं करा.

त्याच रात्री श्रावंतीनं आवाज पाठवला.
ती कोकणात कासवांची अंडी राखते.
पाण्यात सोडलेल्या माइकला सापडलेला देवमासा.
फोन उजव्या कानाला लावला.
डावा एकोणनव्वद साली गेला, लूमच्या शेडमध्ये.
आधी बारीक आवाज जातात, बघा.
तव्यावर उडालेलं पाणी.
दुसऱ्या खोलीतून बायकोनं मारलेली हाक.

देवमासा असा, की खोल विहिरीत कुणी नाव घ्यावं
आणि काठाला धरून थांबावं.
मग ठण्ण.
जहाज पाण्यात हवेचा बार सोडतं,
तळाखाली गॅस कुठं दडलाय ते ऐकायला.
परत ठण्ण. दर दहा सेकंदांनी, दिवसरात्र, महिनोन् महिने.
देवमाशाचा आवाज पुढं नव्हताच.

मला कुणी समजावायची गरज पडली नाही.
शेडमध्ये आम्ही हातांनी बोलायचो.
दोन बोटं : धागा तुटला. अंगठा : चहा.
माझा तम्मुडु, श्रीहरी, त्याचा पंजा पट्ट्यात गेला
तेव्हा तो ओरडला असणार.
चार हातांवर होतो मी.
पाठ त्याच्याकडे.

देवमाशाला तर बोटंही नाहीत, साहेब.
पिल्लू मागं राहिलं तर काय दाखवणार?

आणि सापडला गॅस, समजा.
तो जळणार, आणि त्याची धग घाट चढून येणार.
मे महिन्यात आमचा पत्रा असा तापतो
की सूत नुसत्या बोटानं तुटतं.
भिजवायला हवं पाणी, ते पाच दिवसांनी येतं.
पंचेचाळीसचा पारा सेहेचाळीसवर गेला
तर लूम थांबेल, एवढं मला कळतं.
बाकीचं शिकलेल्यांनी लिहावं.

भोकाचं मात्र मीच लिहितो.
एक चुकलं, की दोन हजार टॉवेलांत चुकतं,
त्याच जागी, प्रत्येकात.
पुठ्ठ्याला मी चिकटपट्टी लावतो.
तुमच्याकडे काय आहे?

कार्ड मी केलं नाही. शेठ तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी अशोक चौकातल्या पोरानं
संगणकावर करून दिलं, दुपारच्या जेवणाआधी.
टॉवेल छान निघालेत.
डॉल्फिन चांगला हसतोय.

तरी हरकत नोंदवून घ्यावी.
सुनावणीला येणं जमणार नाही, रोज बुडतो,
आणि मोठ्या हॉलमध्ये मला नीट ऐकू येत नाही.
सोबत एक पुठ्ठा जोडलाय.
त्याला एकही भोक पाडलेलं नाही.
कृपया दुमडू नये.